‘यूए ७+’ म्हणजे नेमकं काय? लहान मुलांसाठी चित्रपट निवडताना

मे महिन्याची सुट्टी लागली की नाशिकच्या मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या खेळाला मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त दिसतात. तिकीट काढताना ॲपवर चित्रपटाच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पूर्वी नुसतं ‘यूए’ असायचं, मग हे आकडे आले कुठून? सहा वर्षांच्या मुलीला ‘यूए ७+’ ला नेलं तर दारावर अडवतील का? आणि ‘यू’ लिहिलेलं असेल तर डोळे मिटून न्यायचं का? शाळेच्या पालक-ग्रुपवर दर सुट्टीत हे प्रश्न येतात. उत्तरं मात्र ‘आम्ही पाहिला, मस्त आहे’ एवढीच मिळतात.

हे आकडे आले कुठून

चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लोक या मंडळाला अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतात. मूळ कायदा १९५२ चा. १९८३ पर्यंत ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असे दोनच मुख्य प्रकार होते. १९८३ मध्ये त्यांत ‘यूए’ची भर पडली. बारा वर्षांखालच्या मुलांना चित्रपट दाखवायचा की नाही हे पालकांनी ठरवावं, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिकांपुरता ‘एस’ही त्याच वर्षी आला, पण त्याच्याशी आपला संबंध नाही.

‘यूए’ची अडचण उघड होती. चार वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल यांना एकच शिक्का कसा पुरणार? म्हणून २०२३ मध्ये कायदा बदलला, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+.

आता दारावर अडवण्याचा प्रश्न. अडवणार नाहीत. ‘यूए’पुढचा आकडा हा पालकांना दिलेला सल्ला आहे, आणि तो पाळायचा की नाही हे पालकांशिवाय दुसऱ्या कोणी ठरवायचं नाही, असं कायद्यातच स्पष्ट केलेलं आहे. ‘ए’ची गोष्ट वेगळी. तिथे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि आईबाबा सोबत आहेत म्हणून तो नियम सैल होत नाही.

घरच्या टीव्हीवर ओटीटी लावलं की तिथेही हेच आकडे दिसतात, पण ते मंडळाने दिलेले असतीलच असं नाही. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवाले आपापल्या मालिका-चित्रपटांचं वर्गीकरण स्वतः करतात. त्यातली एक सोय बऱ्याच पालकांच्या नजरेतून सुटते. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात वयाच्या आकड्याशेजारी हिंसा, भीती, भाषा असे एक-दोन शब्द येतात. माझ्या मते आकड्यापेक्षा ते शब्दच जास्त उपयोगाचे आहेत. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणंही ओटीटीवाल्यांना बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाकायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आजच काढा.

आकड्यातून काय कळत नाही

नाशिककराला हे मिसळीवरून पटकन कळेल. हॉटेलवाला ‘मध्यम तिखट’ म्हणतो, तेव्हा तो त्याच्या रश्श्याबद्दल बोलत असतो. आपल्या पोराच्या जिभेबद्दल त्याला काही माहीत नसतं. एकाच घरातला मोठा मुलगा तो रस्सा ओरपतो आणि धाकटी पहिल्याच घासाला पाण्याचा पेला शोधते. प्रमाणपत्राचंही तसंच. चित्रपटात काय आहे याचा मोठा अंदाज त्यातून येतो. ते आपल्या मुलाला किती झेपेल, हे त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय मिसळीत तर्री वेगळी मागवता येते. थिएटरमध्ये ती सोय नाही, जे येईल ते पूर्ण आवाजात येतं.

आणि लहान मुलांच्या पालकांची खरी अडचण याहूनही मोठी आहे. नव्या पद्धतीत सात, तेरा आणि सोळा अशा तीन रेषा आहेत, पण सातच्या खाली एकही नाही. तिथे फक्त ‘यू’. अडीच वर्षांचं बाळ, बालवाडीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि पंचाहत्तरीचे आजोबा, सगळ्यांना मिळून एकच अक्षर. आणि मूल सर्वांत झपाट्याने बदलतं ते याच वर्षांत. त्यामुळे सात वर्षांच्या आतल्या मुलासाठी चित्रपट निवडायचं काम जवळजवळ पूर्णपणे घरच्यांवर येतं.

एक उदाहरण घेऊ. स्वच्छ चित्रपट म्हटलं की आपल्याकडे कोणीही ‘श्यामची आई’चं नाव घेईल. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला. तो मुलांना दाखवायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न कधी दाखवायचा हा आहे. नऊ-दहा वर्षांचं मूल तो पाहून रडेल, आईला बिलगेल आणि काहीतरी मोठं घेऊन उठेल. चार वर्षांच्या मुलापर्यंत मात्र श्यामचे संस्कार, गरिबी, स्वाभिमान यांतलं फारसं काही पोहोचत नाही. त्याला एकच गोष्ट कळते: आई गेली. आईपासून ताटातूट ही त्या वयातली सर्वांत मोठी भीती. मग रात्री तीन वेळा उठून ‘तू पण जाशील?’ असं विचारलं जातं.

लहान मूल कशाला घाबरतं

आपण मोठी माणसं खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींना घाबरतो. तीन ते पाच वर्षांचं मूल जे भयंकर *दिसतं* त्याला घाबरतं. या दोन्हींत फार अंतर आहे आणि निवडीच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

अमेरिकेतल्या संशोधक जोआन कँटर यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. सिंथिया हॉफनर यांच्यासोबत त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या गोष्टीची वेगवेगळी रूपं चित्रित केली. कुठे बाई दिसायला छान, कुठे कुरूप. कुठे वागायला मायाळू, कुठे दुष्ट. मग बाई चांगली की वाईट, असं वेगवेगळ्या वयांच्या मुलांना विचारलं. मोठी मुलं तिच्या वागण्यावरून बोलली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर दिसण्याचाच पगडा जास्त होता. बाई मायाळूपणे वागत असली तरी कुरूप बाई त्यांना वाईट वाटत होती.

याचा आपल्या निवडीशी सरळ संबंध आहे. ‘राक्षस शेवटी चांगला निघतो’ हे ऐकून आपण निर्धास्त होतो. पण तो शेवट दोन तासांनी येतो आणि राक्षसाचा चेहरा दहाव्या मिनिटाला. साध्या माणसाचं डोळ्यांदेखत अक्राळविक्राळ रूप होणं तर या वयाला फारच जड जातं. माणूस तोच आहे, फक्त रूप बदललंय, हे धरून ठेवायला मनाची जी तयारी लागते ती अजून झालेली नसते.

उलट, सात-आठच्या पुढे मुलाला खरं-खोटं बरंच कळायला लागतं. आता त्याला भुताच्या मुखवट्याचं हसू येतं आणि घरात शिरणारा चोर, अपघात, अपहरण, पूर यांनी झोप उडते. म्हणून ‘एवढा मोठा झाला, बातम्या बघायला काय हरकत आहे’ हे आठ वर्षांच्या मुलाबाबत कधीकधी जास्त धोक्याचं असतं.

‘कार्टून आहे ना, मग काय!’

रंगीत, चित्रांचा आणि गोड आवाजाचा चित्रपट म्हणजे मुलांचाच, असा आपला पक्का समज आहे. पण ॲनिमेशन ही चित्रपट बनवण्याची एक पद्धत आहे. तिच्यात बाळगोष्टीही सांगता येतात आणि फक्त प्रौढांच्याही. मोठ्या बजेटच्या अनेक कौटुंबिक ॲनिमेशनपटांची सुरुवातच पिल्लाची आई किंवा बाबा जाण्याने होते. कथा पुढे सरकायला ते सोयीचं असतं, पण प्रेक्षागृहातल्या सगळ्यात लहान प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांतच धक्का बसतो.

तीच गल्लत मुलांवरच्या चित्रपटांबाबत होते. मराठीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाळकरी मुलांवर सुंदर चित्रपट आले. त्यांतले कित्येक मुलां*विषयी* आहेत, मुलां*साठी* नाहीत. पोस्टरवर दप्तर पाठीला लावलेली पोरं दिसली की आत जातीचा छळ, बापाची व्यसनं, भूक असू शकते. मोठ्यांनी ते जरूर पाहावेत, बारा-तेराच्या मुलाशी बोलत बोलतही पाहावेत. बालवाडीतल्या मुलाला घेऊन जाण्याआधी मात्र गोष्ट काय आहे ते विचारा.

‘आम्ही लहानपणी काय काय पाहिलं, काही झालं का?’

हा आक्षेप बहुधा आजोबांकडून येतो आणि तो उडवून लावू नये. गणपतीत गल्लीत पडदा लावून, रस्त्यावर बसून सगळ्यांनी मिळून पाहिलेले चित्रपट त्यांना आठवतात. त्या पाहण्यात एक प्रकारचं संरक्षण होतं. आजूबाजूला पन्नास ओळखीची माणसं, बोलण्याचा आवाज, भीती वाटली तर उठून घरी जायची मुभा. आजचं मल्टिप्लेक्स वेगळं आहे. मिट्ट काळोख, छातीत घुमणारा आवाज, संपूर्ण नजर व्यापणारा पडदा. चित्रपट तोच असला तरी मुलावर होणारा परिणाम तोच राहत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाची चित्रपटाशी पहिली ओळख म्हणूनच घरी, दिवा चालू ठेवून, कमी आवाजात व्हावी असं मला ठामपणे वाटतं.

जुन्या चित्रपटांबद्दल आणखी एक. १९८३ च्या आधी मधला ‘यूए’ नव्हताच, त्यामुळे भरपूर मारामारी असलेल्या चित्रपटांनाही ‘यू’ मिळून जाई. जुना आणि ‘यू’, म्हणून निर्धोक, असं धरून चालू नका.

‘मग नरसिंह आणि पूतनाही सांगायच्या नाहीत?’

जरूर सांगा. आजीच्या तोंडून पूतना ऐकताना मूल तिला स्वतःच्या मनात आपल्याला झेपेल एवढीच मोठी करतं. आजीचा हात पाठीवर असतो, मूल ‘पुढे?’ म्हणेल तेव्हाच गोष्ट पुढे जाते आणि डोळे मोठे झाले की आजी आवाज खाली आणते. पडद्यावरची पूतना दिग्दर्शकाने ठरवलेल्या आकाराची असते आणि कोणासाठी थांबत नाही.

याच मातीतल्या एका माणसाला हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं असावं असं मला वाटतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ते मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवतात. आणि मग तीच मुलगी कृष्ण होऊन समोर येते. ही एक मुलगी आहे आणि ती आता सोंग घेणार आहे, हे प्रेक्षकाला आधीच कळतं. लहान मुलाला चित्रपटाला नेण्याआधी हेच करता येईल. सहा-सात वर्षांच्या मुलाला चित्रीकरण कसं करतात याचा एखादा व्हिडिओ दाखवा, रंगभूषा करताना नट दाखवा. कालिदास कलामंदिरात बालनाट्याला नेलंत, तर राक्षस झालेला दादा नंतर मुखवटा काढून हसताना दिसतो. चार वर्षांच्या मुलाचं मात्र ‘हे खोटं आहे’ एवढ्याने समाधान होत नाही. त्याला ते वाक्य कळतं, भीती मात्र तशीच राहते.

हिंसा नसली तरी तपासण्यासारखं काय असतं

पालक साधारणपणे मारामारी, शिव्या आणि चुंबनं यांवर लक्ष ठेवतात. मला जास्त काळजी वाटते ती थट्टेची. जाड मुलाला सतत पडायला लावणं, काळ्या रंगावर विनोद, तोतरं बोलणाऱ्याची नक्कल, मुलीच्या मागे मागे फिरणं म्हणजे प्रेम. ‘यू’ चित्रपटांतही हे सर्रास असतं, कारण मोठ्यांना ते निरुपद्रवी वाटतं. मुलं रक्तपात घरी करून पाहत नाहीत. नक्कल ती दुसऱ्याच दिवशी शाळेच्या रिक्षात करतात.

नक्कल करण्याजोग्या धोक्यांकडेही पाहा: गच्चीवरून उडी, गळ्यात दोरी, आगीशी खेळ. ओटीटीच्या नियमांत याची स्वतंत्र नोंद घ्यायला सांगितली आहे, ते योग्यच आहे.

भाषेचा मुद्दा आपण विसरतो. वाचता न येणाऱ्या मुलाला खाली येणाऱ्या ओळींचा उपयोग नाही. घरात मराठी बोललं जात असेल आणि चित्रपट भरभर इंग्रजीत असेल, तर मुलाच्या हाती फक्त चित्रं आणि आवाज राहतात. दिलासा देणारे संवाद निसटतात, भीतिदायक संगीत मात्र पोहोचतं. मराठी किंवा मुलाला येत असलेली हिंदी निवडा.

आणि लांबी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तम. दोनच्या आत तर पडदा नकोच, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. म्हणजे अडीच तासांचा चित्रपट तीन वर्षांच्या मुलासाठी नाहीच. घरी दोन-तीन भागांत पाहायला काही हरकत नाही.

‘आधी स्वतः बघायला वेळ कोणाकडे आहे?’

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून येणाऱ्या आईबाबांना ‘पूर्ण चित्रपट आधी बघा’ सांगणं अन्यायाचं आहे. ओटीटीवर असेल तर सुरुवातीची पंधरा मिनिटं आणि शेवटाआधीची वीस मिनिटं पाहिली तरी पुरतं. मृत्यू, ताटातूट आणि सगळ्यात मोठं भांडण बहुधा तिथेच असतं. थिएटरमध्ये नव्याने लागलेल्या चित्रपटाला पहिल्या दिवशी लहान मुलाला नेऊ नका. आठवडाभराने पाहून आलेल्या दुसऱ्या पालकाला ‘कसा आहे?’ असं विचारण्याऐवजी नेमकं विचारा: कोणी मरतं का, मूल आईवडिलांपासून दुरावतं का, आवाज किती कर्कश आहे, आणि तुमचं मूल कुठे गप्प झालं? परदेशी चित्रपटांसाठी ‘कॉमन सेन्स मीडिया’ ही इंग्रजी वेबसाइट आहे. तिथे चित्रपट कोणत्या वयाला योग्य आणि त्यात भीतिदायक काय, ते सविस्तर दिलेलं असतं.

ट्रेलर पाहून ठरवू नका. ट्रेलरमध्ये विनोद असतात, सगळ्यात जड प्रसंग बहुधा नसतात.

थिएटरला जाणारच असाल, तर कडेच्या खुर्च्या घ्या आणि मागची रांग. चित्रपटात तंबाखूची दृश्यं असतील तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर कर्करोगाच्या रुग्णांची जाहिरात दाखवणं सक्तीचं आहे. ती गरजेची आहे, पण लहान मुलं चित्रपटाला घाबरत नाहीत इतकी तिला घाबरतात. तेवढा वेळ मुलाला घेऊन बाहेर थांबा.

घरातली एक अडचण मात्र वेळ काढूनही सुटत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये मालिका चालू असते, दादा मोबाइलवर मारधाडीचे व्हिडिओ बघत असतो आणि धाकटं तिथेच खेळत असतं. आपण चित्रपट निवडतो महिन्यातून एकदा, हे रोजचं. आजी-आजोबांना दोष न देता, मूल जागं असेपर्यंत अमुक कार्यक्रम नको, एवढं प्रेमाने ठरवून घ्या.

तरीही मूल घाबरलं तर

मूल ‘मला भीती वाटते’ असं क्वचितच म्हणतं. ते ‘शू लागली’ म्हणतं, कान झाकतं, पॉपकॉर्न खायचं थांबवतं, एकदम शांत बसतं. तेव्हा लगेच उठा. ‘अरे, आता संपतोय’ म्हणून बसवून ठेवू नका. तिकिटाचे पैसे जातील, जाऊ द्या.

घरी आल्यावर काय करायचं हे वयावर अवलंबून आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला जवळ घ्या, पाणी द्या, दिवा चालू ठेवा, आवडतं खेळणं हातात द्या. लांबलचक समजावण्याचा उपयोग होत नाही. आठ-नऊच्या मुलाशी बोला. ते नेमकं कशाला घाबरलं ते विचारा, असं खरंच घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर आपण काय करू, ते सांगा. ‘मुलगा असून घाबरतोस?’ हे वाक्य मात्र कोणत्याही वयात नको. त्याने भीती जात नाही, फक्त मूल पुढच्या वेळी सांगत नाही.

आणि तोच चित्रपट पाचव्यांदा मागितला तर

दाखवा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका कार्यक्रमाचा एकच भाग रोज असा पाच दिवस दाखवला. मुलं कंटाळली नाहीत. गोष्ट त्यांना जास्त कळत गेली आणि ती पडद्याशी बोलायला, उत्तरं द्यायला लागली. पुढे काय होणार हे माहीत असण्यात लहान मुलाला मोठा आनंद असतो, आणि सुरक्षितही वाटतं. त्यामुळे सात वर्षांच्या आत दर शुक्रवारी नवं काही शोधायची गरज नाही. नीट पारखलेले आठ-दहा चित्रपट पुरेसे आहेत. ते कोणते, हे प्रत्येक घरात वेगळं असेल. तुमची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. शेजारचं कुणी विचारेल तेव्हा ‘मस्त आहे’च्या पुढे दोन ओळी सांगता येतील.